दिव्याची काच रंगवली कुणी?



मागच्या पाठात आपण वस्तूचा दर कसा ठरवायचा ते पाहिलं. या पाठात वस्तूवरच्या नावाबद्दल बोलायचं आहे. हा पाठ गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेचे प्रश्न दिलेत. अर्धा-पाऊण तास पुरे होईल.

आधी माझीच एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आपल्या एका गटाने काचेच्या रिकाम्या बरण्या रंगवून दिवे तयार केले. लोणच्याच्या, जॅमच्या बरण्या, बाहेरून ग्लास कलर आणि आत छोटी मेणबत्ती. दिसायला इतके देखणे झाले की काय सांगू! त्यातल्या एका बरणीवर ज्वारीच्या कणसावर बसलेली चिमणी होती. प्रदर्शनात ती बरणी पहिल्याच दिवशी विकली गेली. काही दिवसांनी घेणाऱ्या बाईंचा मला फोन आला, "तसेच चाळीस दिवे पाहिजेत. चिमणीवालेच हवेत."

मी मालाची यादी काढली. यादीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'काचेचे दिवे, नग ६०, बनवणार – गट.' बस्स, एवढंच. चिमणी कुणी काढली ते कुठेच नाही. गटात विचारलं तर दोघीजणी म्हणाल्या, "आमचीच." जिने खरोखर काढली होती, ती बाळंतपणाला माहेरी गेलेली. मग बाकीच्यांनीच चाळीस दिवे करून दिले. पण ती चिमणी काही तशी उतरली नाही. बाईंनी अकरा दिवे ठेवून घेतले, बाकीचे परत पाठवले.

पैशाचं नुकसान पुढच्या सणाला भरून निघालं. पण माहेरून परत आल्यावर त्या ताईला ही सगळी हकिकत कुणीतरी सांगितली. बैठकीत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर मात्र तिने ब्रश हातात घेतला नाही.

त्या चिमणीपायी मी जुन्या रंगीत काचेच्या दिव्यांबद्दल वाचायला लागले. वाचता वाचता कळलं, हे फक्त आपल्याच गटात घडलेलं नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापार अमेरिकेतही हेच घडत होतं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

काचेवर रंग बसतो कसा?

आपल्यातल्या मोठ्या बायकांना ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवत असेल. संध्याकाळ झाली की राखुंडी घेऊन कंदिलाची काच पुसायची, हे घरातल्या मुलींचंच काम. विजेच्या आधी अमेरिकेतही घराघरात रॉकेलचे दिवे होते. ज्योत उघडी असली की डोळ्यांना त्रास होतो, म्हणून दिव्यावर काचेची टोपी ठेवत. तिला आपण आता शेड म्हणतो. दिवा लागला की सगळ्यांचं लक्ष त्या शेडकडेच जाणार. मग ती साधी कशाला ठेवायची? तिच्यावर फुलं, पक्षी, डोंगर, झाडं रंगवायची पद्धत पडली.

हा रंग साधा नव्हता, मीना होता. मीना म्हणजेच इनॅमल. तुमच्या आजीच्या घरी निळ्या काठाचं पांढरं इनॅमलचं ताट असेल बघा. ते आपटलं की पोपडा उडतो आणि खालचा काळा पत्रा दिसतो. तो उडालेला पोपडा म्हणजे खरं तर काचच. पत्र्यावर काचेचा थर देऊन तो भट्टीत वितळवून बसवलेला असतो.

काचेच्या शेडवरही तसंच करत. काच दळून तिची बारीक पूड करायची. त्यात धातूंपासून केलेले रंग मिसळायचे. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं, पांढऱ्यासाठी कथील. हे मिश्रण तेलात कालवायचं, बारीक ब्रशने चित्र काढायचं आणि वाळलं की भट्टीत ठेवायचं. साधारण साडेपाचशे ते सहाशे अंश उष्णतेला रंगाची पूड वितळते आणि खालच्या काचेला कायमची चिकटते. उष्णता कमी पडली तर रंग धरत नाही. जास्त झाली तर शेडच मऊ पडते, तिचा आकार बिघडतो. भट्टीतून काढायची घाईही चालत नाही. सावकाश निवू दिली नाही तर काच तडकते. भाकरी तव्यावर असताना आपलं लक्ष जसं हलत नाही, तसंच हे काम.

इथे एक उपयोगाची गोष्ट लक्षात ठेवा. आपण बाजारातून आणतो तो साधा ग्लास कलर भट्टीत भाजलेला नसतो. तो नखाने खरवडला जातो, घासणीने निघून जातो. म्हणून आपल्या दिव्यासोबत 'ओल्या फडक्याने हलकेच पुसा' अशी चिठ्ठी द्या. आणि ज्या भांड्यातून खायचं-प्यायचं असतं, त्याच्या आतल्या बाजूला किंवा ओठ लागतो त्या काठाला रंग लावू नका. जुन्या मीन्याच्या रंगांत शिसं सर्रास वापरत. म्हणून जुनी रंगीत काचभांडीसुद्धा शोभेलाच ठेवावीत, त्यातून दूध-पाणी पिऊ नये.

मेरीचं नाव राहिलं, काम बाजूला पडलं

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात समुद्रकाठी सँडविच नावाचं गाव आहे. हसू नका, गावाचं नाव खरंच सँडविच आहे. तिथे १८२५ साली काचेचा मोठा कारखाना सुरू झाला. भट्टीपुढे काच फुंकायचं काम पुरुषांचं असे. रंगकामाच्या खोलीत मात्र बायकाही बसत. तिथे १८८० ते १८८४ या काळात मेरी ग्रेगरी नावाची एक बाई कामाला होती. तिची बहीण एमा हीसुद्धा त्याच कारखान्यात काच रंगवायची. मेरी दिव्यांच्या शेडवर निसर्गाची चित्रं काढत असे. पुढे १८८८ साली कामगार आणि मालक यांच्या वादात कारखाना बंद पडला. मेरी १९०८ साली वारली.

गंमत पुढे आहे. त्याच काळात युरोपात बोहेमिया भागात, म्हणजे आजच्या चेक देशात, रंगीत काचेच्या सुरया, पेले आणि फुलदाण्या तयार होत. लाल, निळ्या, हिरव्या काचेवर पांढऱ्या मीन्याने लहान मुलांची चित्रं. कुणी फुलपाखरू पकडतंय, कुणी फुलं तोडतंय. या वस्तू जहाजाने भरभरून अमेरिकेत यायच्या. त्यावर बहुतेक वेळा कुणाचीच सही नसे. नंतर जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा काचेला लोक 'मेरी ग्रेगरी' म्हणू लागले. आधी कुणीतरी म्हणालं, मग दुसरं, आणि मग सगळेच. 'सँडविच गावची ती बाई मुलांची चित्रं काढायची' अशी गोष्टही जोडली गेली.

पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की मेरी डोंगर, झाडं, निसर्ग रंगवत होती. मुलांची ती चित्रं तिची नव्हतीच. पण नाव इतकं चिकटलं होतं की अजूनही त्या काचेला मेरी ग्रेगरीच म्हणतात.

आता विचार करा. यात नुकसान कुणाचं झालं? एक तर बोहेमियातल्या त्या रंगवणाऱ्यांचं. त्यांचं काम आजही घराघरांत जपून ठेवलंय आणि नाव मात्र परक्या बाईचं. दुसरं नुकसान मेरीचं. वाटेल की तिला आयतं नाव मिळालं, तिचं काय गेलं? पण तिने खरोखर रंगवलेल्या शेड बाजूलाच पडल्या. लोकांना ती माहीत आहे ती तिने न केलेल्या कामासाठी.

यातून आपल्याला काय घ्यायचं ते सरळ बोलूया. प्रदर्शनात काही वेळा बाजारातून घाऊक आणलेल्या पणत्या, पर्स, पापड 'गटाने बनवलेले' म्हणून मांडले जातात. त्या दिवशी गल्ला भरतो. पण दुसऱ्या कुणा बाईचे कष्ट आपल्या नावावर गेले ना? आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्या खऱ्या मालाकडेही संशयाने बघतं.

क्लाराचं काम राहिलं, नाव झाकलं गेलं

दुसरी गोष्ट न्यूयॉर्क शहरातली. तिथे लुई टिफनी नावाच्या कारागीर-उद्योजकाचा काचेचा मोठा कारखाना होता. त्याच्या दिव्यांच्या शेडला आजही लिलावात प्रचंड किंमत येते. या शेड रंगवलेल्या नसत. रंगीत काचेचे छोटे छोटे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी लावायची आणि मग डाग देऊन जोडायचे. गोधडी जोडतो तसंच. लोंबत्या जांभळ्या फुलांच्या वेलीची एक शेड आहे, तिच्यात जवळजवळ दोन हजार तुकडे आहेत!

१८९२ साली टिफनीच्या पुरुष कामगारांनी संप केला. शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनाचं काम तर अंगावर आलेलं. तेव्हा काच निवडायला आणि कापायला बायका घेतल्या आणि त्यांचा वेगळा विभागच झाला. त्या विभागाची प्रमुख होती क्लारा ड्रिस्कॉल. तिच्या हाताखाली पुढे पस्तीसपर्यंत बायका होत्या. ओहायो राज्यातल्या लहान गावातून आलेली ही बाई. चित्र काढायची, तुकडे ठरवायची, हिशेब बघायची आणि मालकाशी दर-वेळेवरून बोलायचीही. तिने केलेल्या चतुराच्या नक्षीच्या दिव्याला १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं. आपण पावसाळ्यात शेतात बघतो, तोच चतुर.

पण दुकानात दिवा विकला जायचा तो टिफनीच्या नावाने. बायकांना कामगार संघटनेत घेत नसत. १९०३ साली पुरुषांच्या संघटनेने बायकांचा विभागच बंद करायला बघितला. शेवटी तडजोड झाली : विभाग राहील, पण बायकांची संख्या २७ च्या वर जायची नाही. शिवाय लग्न झालेल्या बाईला कारखान्यात ठेवत नसत. १९०९ साली क्लाराने लग्न केलं आणि तिचं तिथलं काम संपलं. १९४४ साली ती वारली. तोवर जगाला माहीत होतं एकच नाव, टिफनी.

मग खरं कळलं कसं? क्लाराला आई आणि बहिणींना पत्रं लिहायची सवय होती. घरच्यांत ही पत्रं एकीकडून दुसरीकडे फिरत. आज कुठला दिवा सुरू केला, कुणी किती काच कापली, मालक काय म्हणाला, सगळं त्यात असे. ती पत्रं घरच्यांनी फेकली नाहीत. पुढे ती ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात आणि न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स हिस्टॉरिकल सोसायटीत पोचली. अभ्यासकांनी ती वाचली आणि थक्क झाले. २००७ साली न्यूयॉर्कच्या इतिहास संग्रहालयात क्लारा आणि तिच्या सोबतिणींच्या कामाचं प्रदर्शन भरलं. मृत्यूनंतर साठ वर्षांनी बाईला तिचं नाव परत मिळालं, ते तिने घरी लिहिलेल्या साध्या पत्रांमुळे.

तिने मुद्दाम पुरावा म्हणून काही लिहिलं नव्हतं. रोजचं रोज लिहिलं, एवढंच.

काठावरचा नंबर

आता तिसरी, छोटी गोष्ट. कनेटिकट राज्यात मेरिडन नावाच्या गावी हँडल कंपनी दिव्यांच्या शेड करत असे. इथे शेड आतल्या बाजूने रंगवत. बाहेरची बाजू खरखरीत, बर्फ जमल्यासारखी. त्यासाठी काचेवर सरस लावून वाळवत. वाळताना सरस आकसतो आणि काचेच्या बारीक कपच्या ओढून काढतो. आतलं चित्र त्यातून मऊ दिसतं आणि हात लागून खराबही होत नाही. १९१४ साली मालक फिलिप हँडल वारले. त्यानंतर काही वर्षं त्यांच्या पत्नीने हा कारखाना सांभाळला.

या कंपनीची एक पद्धत आपण उचलण्यासारखी आहे. त्यांच्या कितीतरी शेडच्या काठावर कंपनीचं नाव आणि नक्षीचा नंबर असतो. सोबत रंगवणाऱ्याची सही किंवा नावाची पहिली अक्षरं. कारखाना १९३६ साली बंद झाला. पण आजही कुणाच्या हाती ती शेड आली की काठ बघून कळतं, ही कुठली आणि कुणाच्या हातची. कंपनीचं नावही राहिलं, कारागिराचंही. दोन्ही नावांना जागा पुरली.

आपण काय करायचं?

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र सगळ्यांना तोंडपाठ आहे : नियमित लेखे. बचत, कर्ज, परतफेड सगळं आपण लिहितो. मग कुणाच्या हाताने काय घडलं, तेवढंच का लिहित नाही? त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि तिला 'कामाची वही' म्हणा. रकाने असे आखा :

१. तारीख
२. वस्तू आणि तिचा नंबर
३. नक्षी किंवा कृती कुणाची
४. मुख्य काम कुणी केलं
५. बाकीचं काम कुणी केलं (धुणं, पुसणं, पॅकिंग, ने-आण)
६. नग किती, दर काय, विकले किती

पाचवा रकाना विसरू नका. बरण्या उकळून त्यांची लेबलं सोडवणारी ताई नसेल तर रंगवणारी काय रंगवणार?

वस्तूच्या तळाला छोटं लेबल लावा. त्यावर गटाचं नाव, गाव, वस्तूचा नंबर आणि करणारीचं पहिलं नाव. फोन नंबर गटाचा किंवा कार्यालयाचा द्या, बाईचा स्वतःचा देऊ नका.

काहीजणी म्हणतील, "नावं लावली की भांडणं होतील. गटाचं नाव पुरे की." मलाही तसंच वाटायचं. पण भांडण झालं ते नाव लिहिलं नव्हतं म्हणूनच. लिहिलेलं असतं तर दोघींना 'आमचीच' म्हणायची वेळच आली नसती. तरीही दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. एक, जिची नक्षी पुन्हा पुन्हा वापरली जाते तिला नगामागे काही वेगळी रक्कम द्यायची का? दुसरी, ती गावाला गेली असेल तर तिची नक्षी इतरांनी वापरायची का आणि तिला विचारायचं कसं? दोन्हीचा ठराव करून इतिवृत्तात लिहा. म्हणजे उद्या पदाधिकारी बदलले तरी नियम तोच राहील.

आणि जिचं नाव लिहायचं ती म्हणेल, "माझं नाव कशाला, ताई?" आपल्या बायका असंच म्हणतात. तरी लिहा.

परवा मी त्या ताईच्या घरी गेले होते. चूक माझी होती, तिच्याकडे माफी मागितली. तिने चहा ठेवला. मुलगी आता पायाखाली रांगत असते. निघताना ती म्हणाली, "दिवे करेन की नाही ते माहीत नाही. पण ती चिमणी माझी होती, एवढं तुमच्या वहीत लिहा."

आमच्या कामाच्या वहीतली पहिली नोंद तीच आहे. नंबर एक, ज्वारीच्या कणसावरची चिमणी, आणि पुढे तिचं नाव.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. मागच्या वर्षी आपल्या गटाने विकलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात जास्त चाललेली वस्तू कोणती? ती पहिल्यांदा कुणी केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे का?
२. मेरी आणि क्लारा या दोघींपैकी कुणाचं नुकसान मोठं, असं तुम्हाला वाटतं? का?
३. आपल्या घरातल्या गोधडीवर, उखळावर, लोणच्याच्या चवीवर कुणाचा हात आहे? ती नावं मुलांना माहीत आहेत का?
४. बाहेरून आणलेला माल विकायचाच असेल तर तो गिऱ्हाईकाला कसा सांगायचा?

या महिन्याचा गृहपाठ

कामाची वही आखून किमान पाच नोंदी करा आणि ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला ती वही सोबत आणा. जुन्या वस्तूंपैकी ज्यांचा हात आठवतो, त्याही लिहून काढा. लिहिता न येणाऱ्या ताईंनी सांगावं, शेजारणीने लिहावं.

पुढच्या पाठात भेटूया.
तुमचीच, ताई